तेरची वाट आणि गेलेले पाकीट

लग्न होऊन धाराशिवला आले त्याला तीस वर्षे उलटून गेली. (आमच्या तोंडी अजून उस्मानाबादच येते. २०२३ मध्ये नाव बदलले, पण जिभेला वळण लागायला वेळ लागतोच.) एवढ्या वर्षांत वेरूळ पाहिले, बदामी पाहिली, नातेवाइकांच्या लग्नांपायी अर्धा कर्नाटक पालथा घातला, पण तासाभराच्या वाटेवरचे तेर काही धड पाहिले नव्हते. काखेत कळसा म्हणतात तो असा! तसे दोनदा गेले होते, पण दोन्ही वेळा सासूबाईंबरोबर. म्हणजे गोरोबाकाकांच्या समाधीचे दर्शन, नारळ, अंगारा आणि मिळेल त्या गाडीने परत. घरी म्हशीची धार वाट बघत असायची.

तिसऱ्या खेपेला तेर पाहिले ते धाकटीमुळे. आणि ती तेरला का निघाली, हे सांगायचे तर आधी एका चोरीची हकिकत सांगावी लागेल.

धाकटी इंग्लंडात शिकायला आहे. कापडाचे शास्त्र हा तिचा विषय. चार मुली मिळून एक जुने घर भाड्याने घेऊन राहतात. जाताना मी तिला सासूबाईंच्या मोत्यांच्या कुड्या दिल्या होत्या. सासूबाई गेल्या त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी स्वतःच्या हाताने नातीच्या कानात घातलेल्या. "परदेशात कशाला?" असे ह्यांनी दोनदा विचारले, पण मुलीची जात, सणासुदीला कानात काही नको? मी तिला आपल्या घराण्यातली युक्तीही सांगून ठेवली होती: दागिना कपाटात ठेवू नये, तूरडाळीच्या डब्यात तळाशी ठेवावा. माझ्या आईने ठेवला, मी ठेवते, तुमच्यापैकीही कितीजणी ठेवत असतील.

दिवाळीच्या पाडव्याला त्या चौघी फराळाच्या कार्यक्रमाला गेल्या. परत आल्या तर स्वयंपाकघराची खिडकी उघडी. धाकटीचा लॅपटॉप गेला, त्यात तीन महिन्यांचे काम. दुसरीचा कॅमेरा गेला. आणि फडताळातला एकूण एक डबा जमिनीवर उपडा! डाळ, तांदूळ, मी पाठवलेली मेतकुटाची पुडी, सगळे एकत्र. कुड्या गेल्या. चोराला काय, डाळीच्या डब्याची युक्ती पृथ्वीच्या पाठीवर सगळीकडे ठाऊक असावी.

फोनवर ती रडली. मीही रडले, आणि मग जे तोंडाला आले ते बोलले. त्याचे हात झडोत, इथपर्यंत माझी मजल गेली. ती गप्प होती. थोड्या वेळाने म्हणाली, "आई, असं नको म्हणूस ना. मी रोज उलट म्हणायचा प्रयत्न करतेय. जमत नाहीये, त्यात तू भर नको घालूस."

उलट म्हणजे काय? तर चोराचे भले होवो!

हे तिच्या डोक्यात आले ते इगतपुरीहून. कॉलेजात असताना ती मैत्रिणीबरोबर तिथल्या विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिराला गेली होती. नऊ दिवस मौन, फोन नाही, संध्याकाळचे जेवण नाही. मला तेव्हा घास गोड लागेना. दहाव्या दिवशी मौन सुटते आणि मैत्रीभावना शिकवतात, म्हणजे सगळ्यांचे मंगल चिंतायचे. हे सगळे ठीक आहे हो, पण शिबिरात बसून सगळ्यांचे मंगल चिंतणे वेगळे आणि डाळ झाडून भरताना चिंतणे वेगळे. मी तिला तसे म्हटलेही.

एक मात्र सांगते. तिने पोलिसांत तक्रार लगेच नोंदवली, नंबर घेतला, खिडकीला नवीन कडी बसवून घेतली. मला म्हणाली, "मैत्री म्हणजे दार उघडं टाकणं नव्हे." तक्रारीत कुड्यांचे वर्णन लिहायला तिच्याकडे फोटो नव्हता, तो मी लग्नाच्या आल्बमातून शोधून पाठवला. (मैत्रिणींनो, अंगावरच्या आणि डब्यातल्या सगळ्या दागिन्यांचे फोटो आणि पावत्या एकत्र ठेवा. आजच ठेवा.)

पहिले तीन आठवडे तिला ते साधलेच नाही. सासूबाईंवर तिचा फार जीव. तिने ठरवले, आधी आजीला मनात आणायचे, मन मऊ झाले की मग चोराकडे वळायचे. पण आजी आली की कुड्या येत, कुड्या आल्या की डोळ्यांना पाणी आणि मग तो उपडा डबा. तिथल्या एका विहारात श्रीलंकेचे वयस्कर भिक्खू होते, त्यांना तिने विचारले. ते हसले म्हणे. म्हणाले, जी व्यक्ती हयात नाही तिच्यापासून मैत्रीभावना सुरू करायची नसते, पुस्तकातच लिहिले आहे. आणि शत्रूपासून तर मुळीच नाही. आधी स्वतःचे भले चिंतायचे. मग जिवंत असलेल्या एखाद्या आदरणीय माणसाचे. मग जवळच्या मैत्रिणीचे. मग ज्याच्याबद्दल बरे-वाईट काहीच वाटत नाही अशा कुणाचे. आणि सगळ्यात शेवटी वैऱ्याचे. पायरी गाळली की घसरलेच.

ते पुस्तक म्हणजे 'विसुद्धिमग्ग'. पंधराशे वर्षांपूर्वी बुद्धघोष आचार्यांनी लंकेत लिहिलेले. आणि गंमत अशी की त्याची उत्तम प्रत सिद्ध करण्यासाठी ज्यांनी आयुष्याची वर्षे घातली ते आपलेच, गोव्यातल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी. तेही परदेशी गेलेले विद्यार्थीच. पाली शिकायचे म्हणून पैशाचे पाठबळ नसताना १९०२ मध्ये सिलोनला पोचले, कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात शिकले. पुढे १९१० पासून अमेरिकेत हार्वर्डला याच ग्रंथावर काम केले. मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने १९४० मध्ये त्यांची देवनागरी आवृत्ती काढली. 'निवेदन' हे त्यांचे आत्मचरित्र मी लायब्ररीतून आणून वाचले. माणूस मोठाच. पण वाचताना माझे मन राहून राहून त्यांच्या पत्नीकडे, बाळाबाईंकडे जात होते. पदरात तान्ही मुलगी आणि नवरा ज्ञानाच्या शोधात घर सोडून गेलेला! त्यांनी कुणासाठी आणि कशी मैत्री भावली असेल, ते कुठल्या ग्रंथात सापडणार? ती तान्ही मुलगी माणिक पुढे अमेरिकेत शिकली, एवढे समाधान.

असो. धाकटीचे मन पुढे कामात गुंतले. तिच्या प्राध्यापकांनी तिला विचारले, तुझे गाव कुठले? तिने जिल्हा सांगताच ते म्हणाले, मग तू तगरच्या शेजारची! आणि आमच्या लेकीला ठाऊकच नाही की तगर म्हणजे तेर.

म्हणून जानेवारीत ती चार आठवड्यांसाठी आली तेव्हा पहिल्याच रविवारी आम्ही मायलेकी तेरला निघालो. ह्यांना गुडघ्यामुळे बसचा प्रवास झेपत नाही. बरोबर ज्वारीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि भूमच्या खव्याचे पेढे घेतले. वाटेत दोन्ही बाजूंना ज्वारी पोटऱ्यात आलेली, कुठे हरभरा. आमच्या भागाला दुष्काळी म्हणतात ते खरेच. पण पौषातल्या सकाळी हे शिवार ज्याने पाहिले नाही त्याने आम्हाला नावे ठेवू नयेत.

तेर हे तेरणा नदीकाठचे गाव. आज मोठ्याशा खेड्याइतके. पण सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक खलाशाने, ज्याचे नाव कुणालाच ठाऊक नाही, समुद्रव्यापाराची एक वही लिहून ठेवली आहे, तिच्यात पैठण आणि तगर ही दोन नगरे शेजारी शेजारी येतात. भडोचच्या बंदरापासून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, फार मोठे शहर. तगरहून गाड्यांतून काय जायचे, तर कापड! साधे जाडेभरडे भरपूर आणि तलम मलमलही. रस्ते असे नव्हतेच, सारा माल बैलगाड्यांनी आडरानातून बंदरावर. ते तगर म्हणजे हेच तेर, असे फ्लीट या विद्वानाने १९०१ मध्ये मांडले. धाकटी हे मला बसमध्ये सांगत होती आणि माझ्या मनात आले, त्या गाड्यांना वाटेत चोर भेटत नसतील का?

आम्ही आधी समाधीला गेलो. चैत्र वद्यात इथे यात्रा भरते, एरवी निवांत. गोरोबाकाकांची थापटण्याची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेलच. संतमंडळी जमली होती, मुक्ताबाई म्हणाल्या, काका, यातले मडके कुठले कच्चे ते बघा. काकांनी थापटणे घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारायला सुरुवात केली. सगळे गप्प बसले, नामदेव मात्र चिडले. तेच कच्चे ठरले! धाकटी म्हणाली, "आई, आपण दोघी त्या रांगेत असतो तर?" मी म्हटले, "मी आधीच उठून स्वयंपाकघरात गेले असते."

मग त्रिविक्रमाचे मंदिर. हे जरूर पाहा, आणि पुढून पाहून परत फिरू नका, वळसा घालून मागे जा. पुढचा मंडप साधाच, पण मागचा भाग विटांचा आणि हत्तीच्या पाठीसारखा गोलसर. अजिंठ्याचे चैत्यगृह आतून पाहिले असेल तर तोच आकार इथे बाहेरून दिसतो. म्हणून हेन्री कझिन्ससारख्या जुन्या अभ्यासकांनी हे मुळात बौद्धांचे चैत्य असावे असे म्हटले. काहींना ते मान्य नाही. आत आज विष्णूची त्रिविक्रमाची मूर्ती आहे, एक पाय उंच उचललेली. वाद काही असो, तेरला बौद्ध होते यात शंका नाही, कारण उत्खननात विटांच्या स्तूपाचे अवशेष मिळाले आहेत. तेरच्या जुन्या विटा पाण्यावर तरंगतात म्हणून प्रसिद्ध आहेत. हातात घेतल्या तर रव्याच्या केकसारख्या हलक्या. वाटेत आम्हाला एका आजीबाईंनी तडवळ्याची वाट दाखवली, इथून जवळच. तिथे १९४१ मध्ये डॉ. आंबेडकर परिषदेला आले होते. त्यांच्या सासऱ्यांनी त्यांना पाहिलेले, असे आजीबाई अभिमानाने सांगत होत्या.

रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालय हे तर आम्हा बायकांसाठीच उभारले आहे की काय असे वाटावे! रामलिंगप्पा तेरचेच. गावकऱ्यांना शेतात, ओढ्यात, पाया खणताना सापडणाऱ्या वस्तू त्यांनी आयुष्यभर गोळा केल्या, त्यांतून हे संग्रहालय झाले. मातीच्या बाहुल्या, त्यांच्या केसांच्या किती तऱ्हा! शंखाच्या बांगड्या, रंगीत दगडांचे मणी, दिवे. एक हस्तिदंताची छोटी बाई आहे. अगदी तशीच एक इटलीत, ज्वालामुखीत गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहरात १९३८ मध्ये सापडली. उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी चौकटही पाहण्यासारखी. मी मण्यांच्या कपाटापुढे खूप वेळ उभी होते. कुणाच्या तरी गळ्यातले, तुटले असतील, हरवले असतील, कुणी पळवलेही असतील. आज त्यांची धनीण नाही, चोरही नाही.

धाकटीला तसे सांगितले तर म्हणाली, "आई, तू आता दुसऱ्या पायरीवर आलीस." मग संग्रहालयाबाहेरच्या झाडाखाली भाकरी सोडली आणि तिने त्या विसुद्धिमग्गातली गोष्ट सांगितली. चार जण बसलेले असतात. एक आपण स्वतः, एक आपल्या प्रेमाचा, एक परका, एक वैरी. तिथे दरोडेखोर येतात आणि म्हणतात, तुमच्यातला एक आम्हाला द्या, आम्हाला त्याचा बळी द्यायचा आहे. मैत्री साधलेल्या माणसाने कुणाला द्यावे? मी लगेच म्हटले, वैऱ्याला. "चूक." मग स्वतःला. "तेही चूक. ग्रंथ म्हणतो, स्वतःला द्यावे असे मनात आले तरी भिंत पडली नाही असे समजावे. चौघांपैकी कुणालाच द्यावेसे वाटत नाही, तेव्हाच ती पडते." मला हे नीट पटले नाही. आमच्या पैठणच्या नाथांच्या घरी चोर शिरले तर त्यांनी चोरांपुढे हातातली अंगठीही ठेवली आणि गिरिजाबाईंनी त्यांना जेवू घातले, ही कीर्तनात ऐकलेली गोष्ट मला जास्त जवळची वाटते. निदान त्यात स्वयंपाक तरी आहे.

परतताना एका फाट्यावर गाडी बदलायची होती. रविवार, त्यात कसले तरी लग्न. गर्दी विचारू नका. रेटारेटीत चढलो, धाकटीला जागा मिळाली, तिने मला बसवले. तिकिटासाठी पिशवीत हात घातला तर बोटे आरपार बाहेर! पिशवीला तळाशी ब्लेडने सरळ चीर. पाकीट गेलेले. तीन हजार चारशे रुपये, कपाटाची किल्ली आणि सासूबाईंचा एक छोटा फोटो.

मी ओरडले. पुढचे सगळे त्या ओरडण्याने झाले.

गाडी थांबली. "मावशी, कोण व्हतं तुमच्या बाजूला?" माझ्या बाजूला चढताना एक बाई होती, कडेवर पोर, हातात गाठोडे, अंगावर विटका परकर-पोलका. तिचा धक्का मला लागला होता. धक्के तर सगळ्यांचेच लागले होते. पण माझे डोळे तिच्याकडे गेले आणि लोकांनी ते पाहिले. झाले! कुणी तिचा दंड धरला, खाली उतरवले. "ह्या लोकांचा धंदाच हाय." कुणीतरी जातीचे नाव घेतले. एकाने थोबाडीत दिली, पोर किंचाळले. गाठोडे हिसकावून रस्त्यावर उपडे केले. फडक्यात बांधलेल्या दोन भाकरी, पोराचा झबला, मिसरीची डबी, दवाखान्याचा घडी घातलेला कागद. पाकीट नव्हते.

"मावशी, सांगा की, हीच ना? चौकीत नेऊ."

कॉलेजात असताना मी लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' वाचले होते. ते लातूरजवळच्या धनेगावचे. लातूर पूर्वी आमच्याच जिल्ह्यात, १९८२ मध्ये वेगळा झाला. पोलिसांचा मार सोसता यावा म्हणून लहान पोरांना आधी घरातच मारून तयार करतात, हे त्यात वाचून मी रात्रभर झोपले नव्हते. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून जातीच्या जाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या, तो शिक्का सरकारने १९५२ मध्ये पुसला. कागदावरचा पुसला. हे सगळे मला पाठ होते. आणि तरीही, खरे सांगते, त्या क्षणी माझ्या ओठांवर "हीच" आले होते.

ती बाई माझ्याकडे बघून एवढेच म्हणाली, "बाई, म्या न्हाई घेतलं. उमरग्याची गाडी जाईल माझी."

मी म्हटले, "मी पाहिलं नाही."

"पाहिलं नाही, पण वाटतंय ना?"

वाटत होते. "मी पाहिलं नाही," मी पुन्हा म्हटले. "सोडा तिला." माझा आवाज मलाच ओळखू येईना. एक सद्गृहस्थ म्हणाले, "तुमच्यासारख्यांमुळंच ह्यांचं फावतं." कंडक्टर बिचारा घड्याळ बघत होता, म्हणाला, तक्रार द्यायची तर पुढच्या चौकीपाशी उतरवतो, नाहीतर बसा. लोक कुरकुरत चढले. धाकटी खाली उतरून त्या बाईच्या वस्तू गोळा करत होती. भाकरीवरची माती तिने ओढणीने पुसली. मीही उतरले, आमच्या डब्यातले उरलेले पेढे पोरापुढे धरले. त्याने घेतले नाहीत, आईच्या खांद्यात तोंड खुपसले. बाईने गाठोडे बांधले आणि आमच्याकडे न बघता रस्ता ओलांडून गेली. तिला माझे आभार मानायचे काही कारण नव्हते. ओरडले तर मीच होते.

तक्रार आम्ही दिली, चौकीतल्या हवालदारांनी नीट लिहून घेतली. "कुणावर संशय?" या प्रश्नापुढे "नाही" असे लिहिले. ह्यांनी घरी आल्यावर विचारले, "खरंच नाही?" मी भाजी चिरत राहिले. कारण रात्रीपर्यंत माझ्या मनात दहादा येऊन गेले, की पाकीट तिने साथीदाराकडे दिले असेल तर? आणि दहादा तो चापटीचा आवाज. 'तुमच्यातला एक द्या' म्हणणारे दरोडेखोर मला दुपारी गोष्टीतले वाटले होते.

कपाट उघडायला कुलूपवाला बोलवावा लागला. फोटो मात्र दुसरा नाही.

धाकटी परत गेली. तिचे काम तिने पुन्हा उभे केले. अर्धे जुन्या ई-मेलमधून मिळाले, अर्धे पुन्हा केले. कुड्यांचा पत्ता नाही. चोरापर्यंत ती मार्चमध्ये पोचली म्हणाली. म्हणजे एकदा, मिनिटभर, त्याचे भले व्हावे असे खरोखर वाटले. दुसऱ्या दिवशी पुन्हा नाही. जाताना माझ्याकडून कबूल करून घेतले आहे, की रात्री निजण्याआधी दहा मिनिटे मीही बसायचे. बसते. स्वतःचे भले चिंतणे हेच मला सगळ्यात अवघड गेले. आपल्याला सवय कुठे आहे? मग शेजारच्या मास्तरीणबाई, मग बहीण. ती रस्ता ओलांडून गेलेली बाई कुठल्या पायरीवर घ्यायची ते मला कळत नाही. परकी म्हणावी तर तिचे डोळे आठवतात, वैरीण म्हणावी तर तिने माझे काय केले?

परवा रविवारी फोन आला. "आई, कुठवर आलीस?"

म्हटले, "कंडक्टरपर्यंत."